मानदुखी, वन्सं आणि एमआरआय



मान दुखत नाही अशी बाई मला अजून भेटायची आहे. पोळ्या लाटून दुखते, शिलाई मशीनवर बसून दुखते, मोबाईलमध्ये डोकं घालून तर हमखास दुखते. तासगाव-पलूसकडे द्राक्षाच्या विरळणीच्या दिवसांत हात वर आणि मान मागे करून दिवसभर मांडवाखाली उभ्या राहणाऱ्या बायकांचं तर विचारूच नका. म्हणूनच घरात कुणी ‘मान दुखतेय’ म्हटलं की दुसरं कुणी मान वर करूनही बघत नाही. बाम लावा, मीठ शेकवा, उशी बदला, झालं.

यंदा आमच्या घरात दोन माना दुखल्या. एक माझी, साताऱ्यात. दुसरी आमच्या थोरल्या वन्संची, सांगलीत. माझ्या मानेला एमआरआय लागलाच नाही. वन्संच्या मानेला मात्र डॉक्टरांनी तपासलं त्याच दिवशी लागला. कोण जास्त कण्हत होतं म्हणाल तर मीच. फरक दुसऱ्याच गोष्टींत होता, आणि त्या गोष्टी आपल्याला घरबसल्या दिसू शकतात, म्हणून हे लिहिते आहे.

आधी माझं सांगून टाकते, ते थोडक्यात आहे. वय बावन्न. मान आणि उजवा खांदा धरलेला, कधी कधी कोपरापर्यंत मुंग्या. शेजारच्या ताईंनी एमआरआय केला होता, त्यामुळे मीही जाताना मनाची तयारी करून गेले. डॉक्टरांनी फोटोचं नावच काढलं नाही. किती दिवस दुखतंय, रात्री जाग येते का, आडवं झाल्यावर बरं वाटतं की वाढतं, वजन उतरलंय का, ताप येतो का, पूर्वी कॅन्सर किंवा टीबी झाला होता का, चालताना तोल जातो का, लघवीला काही त्रास आहे का, असं एकेक विचारत गेले. मग छोट्या हातोडीने कोपरावर, गुडघ्यावर ठोकून पाहिलं. सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालायला लावलं. दोन्ही हातांच्या मुठी भराभर उघड-मीट करायला सांगितल्या, दहा सेकंद. निरोगी माणसाच्या साधारण वीस वेळा होतात म्हणे. माझ्या झाल्या.

“मग एमआरआय?” मी विचारलंच.

ते म्हणाले, “पन्नाशीनंतर कुणाच्याही मानेचा एमआरआय काढला तरी त्यात काही ना काही दिसतं. गादी झिजलेली, हाड वाढलेलं. ज्यांना कधी दुखलं नाही त्यांच्याही मानेत दिसतं. तो कागद हातात आला की तुम्ही मान हलवायलाच घाबराल.” व्यायाम दिले, थोड्या दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, सहा आठवड्यांत उतार पडला नाही किंवा हातातली ताकद कमी वाटली तर परत या. हाताची ताकद गेली तर मात्र सहा आठवडे थांबायचं नाही, लगेच यायचं. दोन महिन्यांत मान मोकळी झाली. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, त्यामुळे त्याने शरीराला किरणांचा अपाय होत नाही. पण विनाकारण केलेला एमआरआय विनाकारण खर्च आणि विनाकारण काळजी घेऊन येतो, हे मला पटलं.

आता वन्सं.

वन्संचं वय त्रेसष्ट. आठ वर्षांपूर्वी त्यांचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं. केमो झाली, शेक झाला, पाच वर्षं गोळ्या झाल्या. गोळ्या संपल्या त्या दिवशी त्यांनी घरी शिरा केला आणि सगळे रिपोर्ट पिशवीत बांधून माळ्यावर टाकले. तो विषय संपला. नव्या सुनेला तर हे धड माहीतसुद्धा नव्हतं, कारण आपल्याकडे ‘त्या’ आजाराचं नाव घेत नाहीत, ‘ते मोठं दुखणं’ म्हणतात.

दिवाळीच्या सुमारास त्यांची मान दुखायला लागली. जवळच्या एका दवाखान्यात एक्स-रे झाला. दोन मणक्यांतली जागा कमी झाली आहे असं निघालं, पट्टा आणि गोळ्या मिळाल्या. तिथे बीपी आणि शुगर विचारली, ती वन्संनी सांगितली. कॅन्सरचं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

माघात त्यांच्या गावाजवळ पंचकल्याणक पूजा होती, म्हणून मी चार दिवस सांगलीला गेले होते. साताऱ्याहून कराड मागे टाकून पेठ नाक्याला वळायचं आणि आष्ट्यावरून सांगली, हा रस्ता मला पाठ आहे. वन्सं नेहमी दारात उभ्या असतात. या वेळी खुर्चीत होत्या. दशलक्षणात त्यांनी उपवास केले होते, त्यामुळे त्या वाळल्यात असं सगळे म्हणत होते. पण मैत्रिणींनो, दशलक्षण भाद्रपदातलं आणि आता माघ. उपवासाने उतरलेलं आपलं वजन दिवाळीच्या फराळापर्यंत कसं भरून येतं, ते आपल्याला चांगलं माहीत आहे! यांचं आलं नव्हतं, उलट आणखी उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बस्तीत गेलो. कायोत्सर्गाला उभं राहून डोळे मिटले की त्या डुलायच्या. शेवटी त्यांनी खांबाला हात लावून तो पूर्ण केला. बाहेर आल्यावर त्यांच्या डाव्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि त्या तशाच चार पावलं पुढे गेल्या, चप्पल निघाल्याचं त्यांना कळलंच नाही. घरी तांदूळ निवडायला बसल्या तर खडा बोटांत येईना. ब्लाउजचे हूक सून लावून देत होती, जपमाळेचा मणी सरकला की नाही तेही कळत नव्हतं. यातलं प्रत्येक त्यांनी ‘वय झालं’ या एका शब्दात बसवलं होतं.

“वन्सं, रात्री झोप लागते का?”

“अगं, दोन महिने खुर्चीतच झोपते मी. आडवं झालं की जास्त दुखतं. पहाटे तीनला तर नकोच.”

“हे डॉक्टरांना सांगितलंत?”

“त्यांनी कुठं विचारलं? आणि असाता वेदनीय कर्माचा उदय आहे बाई, भोगून संपवायचं. मुनी महाराज बावीस परीषह सहन करतात, मला एक मान सहन होत नाही होय?”

या वाक्यापाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण हे वाक्य मी आपल्या कितीतरी घरांत ऐकलं आहे. बावीस परीषहांत रोगपरीषह आहे, हे खरं. पण तो मुनींच्या चर्येत सांगितला आहे. श्रावक-श्राविकांना चार दानं सांगितली, त्यांत औषधदान आहे. दुसऱ्याला औषध देणं पुण्य आणि स्वतः घेणं कमीपणा, असं कसं असेल? आणि आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात सल्लेखनेसारखी सर्वांत मोठी गोष्ट सांगतानासुद्धा ज्या आजाराला प्रतिकारच उरला नाही असा आजार, अशी अट आहे. प्रतिकार आहे की नाही हे पाहिल्याशिवाय ते कळणार कसं? मी वन्संना एवढंच म्हटलं. त्यांचा स्वाध्याय माझ्यापेक्षा जास्त. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग सुनेला म्हणाल्या, “माळ्यावरची पिशवी काढ.”

ती पिशवी घेऊन आम्ही मिरजेला मणक्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ऑपरेशनचा जुना कागद पाहिला, वन्संना चालायला लावलं, मुठी उघडायला लावल्या. दहा सेकंदांत नऊ झाल्या. पायाच्या तळव्यावर किल्लीने रेघ ओढली तर अंगठा खाली जाण्याऐवजी वर आला. डॉक्टरांनी लगेच फोन उचलला. एमआरआय त्याच संध्याकाळी, आणि नुसत्या मानेचा नाही, संपूर्ण पाठीच्या कण्याचा.

संपूर्ण का, ते नंतर समजलं. मणक्यात सापडणाऱ्या बहुतेक गाठी मूळच्या तिथल्या नसतात. स्तन, फुप्फुस, पुरुषांत प्रोस्टेट, मूत्रपिंड, थायरॉइड इथला कॅन्सर रक्तातून हाडांत येतो, आणि हाडांमध्ये कणा हे त्याचं आवडतं ठिकाण. त्यातही पाठीच्या मधल्या मणक्यांत जास्त, मानेत सर्वांत कमी. एका ठिकाणी गाठ असली तर दुसरीकडेही असू शकते, म्हणून सगळा कणा पाहतात. स्तनाचा कॅन्सर पाच वर्षांनी संपला असं आपण धरतो, पण काही जणींत तो आठ-दहा, कधी त्याहूनही जास्त वर्षांनी हाडात डोकं वर काढतो.

मणक्यातल्या सगळ्याच गाठी कॅन्सरच्या असतात असंही नाही. मज्जारज्जूच्या आवरणातून किंवा नसेच्या वेष्टनातून हळूहळू वाढणाऱ्या साध्या गाठीही असतात. आवरणातली गाठ बायकांमध्ये जास्त दिसते. ती वर्षानुवर्षं वाढते, दाब देते आणि काढली की बहुतेकदा संपते. आपल्याकडे आणखी एक शक्यता कायम डोक्यात ठेवायची ती मणक्याच्या टीबीची. त्यातही वजन उतरतं, संध्याकाळचा ताप येतो, रात्री दुखतं. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीत क्षयरोग्यांचं आरोग्यधाम होतं, हे आपल्या आजींच्या पिढीला चांगलं आठवत असेल. टीबी मणक्यांमधली गादी बरेचदा खाऊन टाकतो, कॅन्सर बहुधा गादी सोडून हाड धरतो, त्यामुळे एमआरआयवरून पुष्कळदा अंदाज येतो, पण खात्री सुईने तुकडा काढून तपासल्यावरच.

मग एक्स-रेत का नाही दिसलं? वन्संच्या मुलाने रागाने हाच प्रश्न विचारला. हाडाचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग विरघळेपर्यंत साध्या एक्स-रेत फारसं कळत नाही, असं उत्तर मिळालं. आणि त्रेसष्टाव्या वर्षी मणक्यांतली जागा कमी दिसणारच होती. ती खोटी नव्हती, पण तिच्यामुळे शोध तिथेच थांबला.

मला यावरून १८८७ सालची लंडनमधली गोष्ट सांगावीशी वाटते. तेव्हा एक्स-रेसुद्धा नव्हते, ते १८९५ साली आले. एका माणसाच्या पाठीत काही वर्षं दुखत होतं, डॉक्टर बदलत होते, शेवटी पाय लुळे पडले. विल्यम गॉवर्स नावाच्या डॉक्टरांनी नुसतं ऐकून आणि तपासून सांगितलं की मज्जारज्जूवर गाठ दाबते आहे, आणि व्हिक्टर हॉर्स्ले यांनी ऑपरेशन करून ती काढली. मज्जारज्जूवरची गाठ यशस्वीपणे काढल्याची ही पहिली नोंद मानतात. तो माणूस पुन्हा चालू लागला. यंत्र नसताना रोग्याच्या बोलण्यावरून एवढं कळू शकलं. आज यंत्र आहे, पण रोग्याने तोंड उघडलं नाही तर ते कुणाकडे वळवायचं?

तेव्हा तोंड उघडून काय सांगायचं, ते माझ्या भाषेत. साधी मानदुखी हालचालीने वाढते आणि उशीला डोकं टेकलं की बरं वाटतं. जे दुखणं आडवं झाल्यावर वाढतं, रात्री झोपेतून उठवतं, गोळीलाही दाद देत नाही आणि आठवड्यागणिक चढतच जातं, त्याची वेळ आणि तारीख लिहून ठेवा. (रात्री नुसत्या हाताला मुंग्या येऊन जाग आली आणि हात झटकल्यावर बरं वाटलं, तर ते पुष्कळदा मनगटातल्या नसेचं असतं, तेवढ्याने घाबरू नका.) पूर्वी कधीही कॅन्सर झाला असेल तर कितीही वर्षं झालेली असोत, मान किंवा पाठ नव्याने दुखू लागताच पहिलं वाक्य तेच. कारणाशिवाय वजन उतरणं, बारीक ताप, खूप दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या असणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, हेही सांगायचं. लहान मूल सतत मान धरून, वाकडी करून बसत असेल तर त्याला दप्तराच्या ओझ्यावर ढकलू नका, दाखवा.

आणि मज्जारज्जू दाबला जात असल्याच्या खुणा वेगळ्या. हूक लागत नाहीत, सुईत दोरा जात नाही, भांडं हातातून निसटतं. तोंड धुताना डोळे मिटून पाणी मारलं की तोल जातो. पाय जड वाटतात, चप्पल निघालेली कळत नाही. मान खाली वाकवली की पाठीतून विजेसारखी कळ उतरते. लघवी अडते किंवा कळत नाही, शौचावरचा ताबा जातो. यांतलं काही असलं की पुढच्या सोमवारची वाट पाहायची नसते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेसाठी जी मार्गदर्शक सूचना आहे तिच्यात अशा रोग्याला गाठीचा संशय असल्यास चोवीस तासांत एमआरआय सांगितला आहे, आणि अशा खुणा नसून नुसतं संशयास्पद दुखणं असेल तर आठवड्याच्या आत. या खुणा बऱ्याचदा गाठीमुळे नाही तर झिजलेल्या, सरकलेल्या गादीमुळेही होतात, पण त्यालाही एमआरआय लागतोच आणि वेळेतच लागतो.

एक कळकळीची विनंती. अशी खूण असताना कुणाकडूनही मान ‘मोडून’ किंवा जोरात चोळून घेऊ नका. आतून पोखरलेल्या हाडाला तो झटका फार महाग पडू शकतो. वन्संना कुणीतरी एका मालीशवालीचं नाव दिलं होतं, ती गावाला गेली होती म्हणून राहिलं.

एमआरआयचं थोडं. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, केसांतल्या पिना, सेफ्टी पिना सगळं काढून ठेवावं लागतं. सौभाग्यलेणं काढायचं म्हणून कुणी कुणी रडवेल्या होतात, पण यंत्र म्हणजे मोठं लोहचुंबक आहे, त्याला सौभाग्य कळत नाही. हृदयात पेसमेकर असेल, अंगात कुठे क्लिप किंवा धातू असेल तर आधी सांगायचं. गाठीचा संशय असेल तर शिरेतून एक औषध देतात, त्यासाठी मूत्रपिंडाची रक्ततपासणी मागू शकतात. आत धाड धाड आवाज येतो, कापूस देतात. संपूर्ण कण्याला वेळ लागतो. वन्संनी आत णमोकार म्हटला. किती वेळा ते आवाजात मोजता आलं नाही म्हणून बाहेर आल्यावर त्या तंत्रज्ञावर रागावल्या होत्या!

रिपोर्टमध्ये मानेच्या पाचव्या मणक्यात गाठ आणि मज्जारज्जूवर दाब निघाला. त्या रात्रीच सूज उतरवायला स्टेरॉइड सुरू झालं. ते उपाशीपोटी घ्यायचं नसतं. वन्संचा चौविहार, म्हणून मी डॉक्टरांना सरळ विचारलं, आणि त्यांनी दुसरा डोस सूर्यास्ताच्या आधी जेवणाबरोबर बसवून दिला. विचारलं की बहुतेक वेळा जमतं. न विचारता डोस चुकवणाऱ्या मात्र मी पाहिल्या आहेत. चार दिवसांनी ऑपरेशन झालं, मणक्याला आधार बसवला आणि नंतर शेक. ऑपरेशनच का, नुसता शेक का नाही, असं विचारल्यावर डॉक्टरांनी २००५ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. मज्जारज्जूवर एकाच जागी दाब असलेल्या निवडक रोग्यांत ऑपरेशन आणि शेक दोन्ही मिळालेल्यांपैकी ८४ टक्के उपचारांनंतर चालू शकत होते, नुसता शेक मिळालेल्यांपैकी ५७ टक्के. सगळ्यांनाच ऑपरेशन लागू पडतं असं नाही. पण उपचार सुरू होताना जो चालत असतो त्याचं चालणं टिकण्याची शक्यता सर्वांत जास्त, हे मात्र सगळ्यांना लागू. वन्सं खांब धरून का होईना, चालत गेल्या होत्या.

खर्चाची काळजी घरोघरी असते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे बरेच उपचार येतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटायचं. मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, कॅन्सरचं वेगळं रुग्णालय आहे. आमच्या सातारकरांना कराडला कृष्णा हॉस्पिटल वाटेतच पडतं. मुंबईला टाटाला जावं लागतं ते प्रत्येकाला नाही.

आता पाच महिने झाले. आजार गेलेला नाही, तो गोळ्यांवर दबून आहे, आणि हे वन्संना स्वच्छ सांगितलेलं आहे. त्यांनीच सांगायला लावलं. उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर आहेत, हूक सूनच लावते. मात्र त्या रात्री पलंगावर झोपतात, बस्तीत स्वतःच्या पायांनी जातात, कायोत्सर्ग बसून करतात. जुन्या कागदांची पिशवी आता माळ्यावर नाही, देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात आहे, आणि तिच्यात काय आहे ते सुनेने वहीत एका पानावर लिहून ठेवलं आहे. ऑपरेशनची तारीख, गाठीचा प्रकार, किती केमो, कुठल्या गोळ्या, कधीपर्यंत. ज्यांच्या घरात अशी पिशवी माळ्यावर आहे, त्यांनी या रविवारी ती खाली काढा.